छिद्र लहान म्हणून पुरावाही लहान चालेल का? झिजलेली चकती आणि सुईचे उपचार

वाटसरू:
कंबरदुखी महिनोन् महिने हटत नाही, एमआरआय होतो, अहवालात ‘डिस्क डिजनरेशन’ (दोन मणक्यांमधल्या गादीची, म्हणजे चकतीची झीज) आणि ‘बल्ज’ (तिचा फुगवटा) हे शब्द येतात, आणि पुढचं बोलणं ठरल्यासारखं होतं. मोठं ऑपरेशन नको ना, मग सुईनं करू. टाके नाहीत, संध्याकाळी घरी. चकती तापवणं, चकतीत औषध टोचणं, लेसर, ओझोन, स्टेम सेल, नस (म्हणजे मज्जातंतू) जाळणं, यादी मोठी आहे. माझं म्हणणं असं की छिद्र लहान असणं हा उपचार निवडण्याचा मुद्दा होऊच शकत नाही. त्या उपचारानं दुखणं कमी होतं का, आणि लुटुपुटूची सुई टोचली तर जेवढं कमी होईल त्यापेक्षा जास्त होतं का, हे आधी कळायला हवं. चकतीच्या दुखण्यात बहुतेक उपचार या कसोटीला एक तर बसलेलेच नाहीत, किंवा बसून नापास झालेत.

आधी एमआरआयबद्दल. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात न दुखणारी ३,११० माणसं होती. विसाव्या वर्षी ३७ टक्के, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या फिल्मवर काळी पडलेली चकती दिसली, तर दुखण्याचं मूळ तिथेच आहे असं छातीठोकपणे कोण सांगणार?

दुसरं म्हणजे या उपचारांचा इतिहास. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चकतीत तापणारी तार सरकवून तिची मागची भिंत शेकायची पद्धत आली. नाव आयडीईटी. सुरुवातीच्या अभ्यासांत तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे निकाल झकास आले. २००४ मध्ये लुटुपुटूच्या प्रक्रियेशी, म्हणजे संशोधक ज्याला शॅम म्हणतात तिच्याशी, तुलना झाली. १,३६० इच्छुकांना चाळून त्यातले ६४ घेतले, आणि तरीही उपचार मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना सांगण्यासारखा फायदा नव्हता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातली ५७ जणांची चाचणी आली. यशाचा जो निकष आधी ठरवला होता तो दोन्ही गटांतल्या एकालाही गाठता आला नाही. तोवर ही तार किती माणसांच्या चकतीत जाऊन आली होती!

मिथिलीन ब्लूची गोष्टही अशीच. २०१० मध्ये चीनमधल्या ७२ रुग्णांवरच्या अभ्यासानं सांगितलं की हा निळा रंग चकतीत टोचला की दुखणं पार उतरतं. आकडे इतके चांगले होते की वाचणारे थक्क झाले. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये ८४ रुग्णांवर तेच करून पाहिलं. फरक आढळला नाही.

ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी जरूर लिहावं. डॉक्टर मंडळींनी तर नक्कीच.

वेदनाचिकित्सक:
लिहितो. मी भूलतज्ज्ञ आहे आणि आता पूर्ण वेळ वेदनाचिकित्साच करतो.

वाटसरू, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच आहेत. ज्या गटानं तो २०१५ चा आढावा केला त्यांनीच त्याच वर्षी दुसरा आढावा प्रसिद्ध केला. पन्नाशीपर्यंतच्या लोकांत कंबर दुखणारे आणि न दुखणारे अशी तुलना केली, तेव्हा झिजलेली चकती, फुगवटा आणि मोडिक बदलांचा (ते काय, ते खाली सांगतो) पहिला प्रकार हे सगळं दुखणाऱ्यांत जास्त आढळलं. चकतीची झीज सर्वांनाच होते हे खरं. पण म्हणून ती कुणालाच दुखत नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. २००४ च्या चाचणीतलंही तुम्ही गाळलंत. उपचार गटाचा सरासरी आराम शॅम गटापेक्षा जास्त होता, आणि त्या गटातल्या सुमारे ४० टक्के लोकांचं दुखणं निम्म्याहून अधिक घटलं.

माझा मोठा आक्षेप ‘सुईचे उपचार’ या एका गाठोड्याला आहे. निरोगी चकतीत नसा फक्त बाहेरच्या कड्याच्या वरवरच्या थरात असतात, आतला गर बधिर असतो. झीज होऊन कड्याला चिरा पडल्या की त्या चिरांवाटे बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्यासोबत नसाही. शिवाय चकतीच्या वर-खाली मणक्याचा जो चपटा पृष्ठभाग टेकलेला असतो, ज्याला एंडप्लेट म्हणतात, त्याला इजा होते आणि मणक्याच्या हाडातल्या मज्जेत सूज येते. हे बदल एमआरआयवर दिसतात. १९८८ मध्ये मायकेल मोडिक यांनी त्यांची वर्गवारी केली, म्हणून मोडिक बदल. आता या एंडप्लेटची संवेदना नेते मणक्याच्या हाडातली बेसिव्हर्टिब्रल नस. मागून हाडात सुई घालून तिच्यापर्यंत जायचं आणि ८५ अंश सेल्सियसला १५ मिनिटं ती तापवायची. चकतीला स्पर्शही होत नाही. अमेरिकेत एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१६ मध्ये याला परवानगी दिली. मोडिक एक किंवा दोन असलेल्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांशी तुलना करणारी चाचणी झाली, तेव्हा मध्यंतरीच्या विश्लेषणातच दोन गटांतलं अंतर एवढं होतं की चाचणी थांबवून दुसऱ्या गटालाही उपचार देऊ केला. पहिल्या चाचणीतल्या रुग्णांचा ५ वर्षांचा पाठपुरावाही आहे आणि त्यांचा आराम टिकलेला आहे.

याला आणि ‘चकतीत ओझोन सोडू’ याला एकाच तागडीत घालणं मला मान्य नाही.

वाटसरू:
नेमकी हीच नस घेऊ. शॅमशी तुलना करणारी चाचणीही झाली आहे. २२५ रुग्ण, २०१८ मध्ये प्रसिद्ध. रोजच्या हालचालीत किती अडतं हे शंभरपैकी गुणांत मोजतात, त्या मापावर तीन महिन्यांनी उपचार गट साधारण २० गुणांनी सुधारला आणि शॅम गट साधारण १५ गुणांनी. अंतर ५. तेही ज्यांच्यावर प्रक्रिया ठरल्याबरहुकूम पार पडली तेवढेच मोजले तर. वाटणीत आलेले सगळेच धरले, आणि खरा नियम तोच आहे, तर हे अंतर संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही.

वर्षभरानंतर शॅम गटातल्या बहुतेकांनी खरा उपचार करून घेतला. म्हणजे तुम्ही म्हणता तो ५ वर्षांचा आराम कशाच्या तुलनेत हे सांगायला कुणी उरलेलंच नाही. आणि जी चाचणी मध्येच थांबवली तिच्यात शॅम नव्हतं. एका गटाला नवं काहीतरी मिळतंय आणि दुसऱ्याला जे आधीपासून उपयोगी पडत नव्हतं तेच पुढे चालू आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिथे मोठं अंतर दिसणारच. २० पैकी १५ गुण लुटुपुटूच्या सुईनं येतात, ही माझ्या दृष्टीनं या सगळ्या क्षेत्राबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली मला आढळली नाही.

निशिगंधा:
हे वाचून राग आला, म्हणून लिहिते. मी या आकड्यांमधली माणूस आहे. दोन्ही गटांच्या सरासरीत माझ्यासारख्या कितीजणी असतील ज्यांचं आयुष्य बदललं, ते सरासरी कधी सांगत नाही.

माझी कंबर कित्येक वर्षं दुखत होती. बसलं की दुखायची, उठताना दुखायची, मुलीला कडेवर घ्यायची हिंमत होत नव्हती. व्यायाम केला, मनापासून केला. गोळ्यांनी पोट बिघडलं. शेवटी आधी बधिर करणारं इंजेक्शन देऊन तपासणी झाली, वेगवेगळ्या दिवशी दोनदा. दोन्ही वेळा काही तास कंबर हलकी झाली. मग आरएफ केलं, म्हणजे रेडिओलहरींनी तापवून नस जाळली. काही आठवड्यांत मी खाली वाकून वस्तू उचलत होते. साधारण वर्षानं दुखणं परत आलं, तेव्हा पुन्हा केलं आणि पुन्हा आराम पडला. याला कुणी मनाचा खेळ म्हणत असेल तर म्हणो. वेदना माझी होती आणि ती गेली हेही मीच सांगणार.

वाटसरू:
निशिगंधाताई, तुमच्या वेदनेवर किंवा आरामावर मी शंका घेत नाही. शॅम गटातल्या लोकांनाही खराच आराम पडतो, ती माणसं खोटं बोलत नसतात. माझा प्रश्न तो आराम कशामुळे येतो एवढाच आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट व्हायला हवी. तुम्ही वर्णन करताय ते आरएफ मणक्याच्या मागच्या लहान सांध्यांच्या, फॅसेटच्या, नसांवर करतात. चकतीच्या नसा त्या नव्हेत.

वेदनाचिकित्सक:
इथे वाटसरूंशी सहमत. फॅसेटच्या नसा पुन्हा वाढतात, म्हणून सहा महिन्यांनी ते वर्षभरानं दुखणं परतू शकतं आणि प्रक्रिया पुन्हा करता येते. निशिगंधाताईंना दोनदा तपासणी ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन दिलं, हे योग्य झालं. पण हेच माझंही म्हणणं आहे. चकती झिजून तिची उंची घटली की भार मागच्या सांध्यांवर येतो आणि ते दुखू लागतात. अहवालात ‘डिजनरेशन’ लिहिलेलं असतं, आणि वेदना सांध्यातून येत असते. ती कुठून येते हे शोधायचं साधन या क्षणी तपासणीची सुईच आहे.

उत्तरा:
थोडं बाजूचं विचारते. भावाला कमरेपेक्षा पायातच कळ जास्त आहे, पोटरीपर्यंत, मुंग्याही येतात. चकती सरकून नस दबली आहे असं सांगितलंय. वरची चर्चा त्याला लागू होते का?

वेदनाचिकित्सक:
नाही, तो वेगळा आजार धरा. सायटिकात चकतीचा तुकडा बाहेर येऊन नसेच्या मुळाला दाबतो आणि तिथे दाह होतो. तो बऱ्याच जणांत आपोआप विरतो. नेदरलँड्सच्या २००७ च्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचा पाय लवकर सुटला, पण वर्षाअखेर वाट पाहिलेले आणि शस्त्रक्रिया झालेले सारख्याच जागी पोचले होते. वाट पाहणाऱ्या गटातल्या काहींना नंतर शस्त्रक्रिया करावी लागली, हेही लक्षात घ्या. घाई कधी करायची ते मात्र नीट ऐका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद झपाट्यानं कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रात्र असली तरी.

सई_फिजिओ:
माझं काम व्यायामाचं आहे, तेव्हा माझी बाजू कुठली ते उघड आहे. तरी मुद्दे तपासून पाहा.

फॅसेट आणि कमरेच्या इतर सांध्यांच्या आरएफबद्दल २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या तीन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या, ६८१ रुग्ण. सगळ्यांना व्यायामाचा कार्यक्रम दिला, अर्ध्यांना त्यावर आरएफ. रुग्णाला जाणवेल एवढा जास्तीचा फायदा आरएफमधून मिळाला नाही. २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक शिफारशींत जुनाट पाठदुखीसाठीची इंजेक्शनं आणि आरएफ यांच्या विरोधात ठाम शिफारस आहे. दुसरीकडे २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४९२ रुग्णांची ऑस्ट्रेलियातली चाचणी आली. दुखण्याची भीती, हालचाल टाळण्याची सवय आणि रोजची कामं यांवर एकत्र काम करणारी ती पद्धत आहे, कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी. मोजक्याच बैठका होत्या आणि फायदा वर्षभर टिकला.

माझ्याकडे सुया घेऊन झालेली माणसं येतात तेव्हा त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसलेली असते, की आपला कणा मोडकळीला आलाय आणि वाकलं की संपलं. कुणीतरी फिल्म दाखवून तसं सांगितलेलं असतं. आधी ती भीती काढण्यातच कितीतरी वेळ जातो. प्रत्येक नवीन प्रक्रियेनं ती आणखी पक्की होते, कारण काहीतरी बिघडलंय म्हणूनच तर सुई टोचली, असं माणूस समजतो. या नुकसानीचा हिशेब कुठल्या चाचणीत धरतात?

वेदनाचिकित्सक:
सईताई, भीतीबद्दल बोललात ते शंभर टक्के पटलं. आता चाचण्यांकडे वळू.

नेदरलँड्सच्या त्या चाचण्यांत एकाच ब्लॉकवर आणि निम्म्या आरामावर लोक निवडले होते, आणि त्यांवर आमच्या क्षेत्रातून सर्वांत जास्त टीका झाली ती त्यावरच. ढिल्या निवडीनं ज्यांचा सांधा दुखतच नाही असे लोक आत येतात आणि सरासरी पातळ होते. बीएमजेच्या शिफारशींवर वेदनाचिकित्सेच्या अनेक संघटनांनी लेखी आक्षेप घेतले आहेत. ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी मणक्यातली इंजेक्शनं देऊ नका असं म्हटलं, पण त्याच कागदात इतर उपाय थकलेल्या, दुखणं बऱ्यापैकी तीव्र असलेल्या आणि ब्लॉकनं आराम पडलेल्या रुग्णांत आरएफचा विचार करा असंही म्हटलं. तिथेच मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेला संशोधनाबाहेर नकार दिला.

आणि तुम्ही दिलेली लॅन्सेटची चाचणी? तिची तुलना नेहमीच्या उपचारांशी होती. रुग्णाला आपल्याला काय मिळतंय हे माहीत होतं. बेसिव्हर्टिब्रलच्या मध्येच थांबवलेल्या चाचणीत वाटसरूंनी ज्यावर बोट ठेवलं तोच दोष इथेही आहे. मग शॅमची अट सुईलाच लावायची आणि बोलण्या-चालण्याच्या उपचाराला ती माफ करायची, हे कसं?

सई_फिजिओ:
प्रश्न रास्त आहे. व्यायामाचं शॅम करणं जवळपास अशक्य आहे, आणि त्यामुळे आमचे आकडेही फुगलेले असू शकतात. ते मी नाकारत नाही.

वाटसरू:
मी उत्तर देतो. अट दोघांनाही हवी, पण चूक झाली तर दोन्हीकडे सारखी किंमत मोजावी लागत नाही. चालण्याचा आणि वाकण्याचा सराव पुढे निरुपयोगी ठरला तरी त्या माणसाची चकती होती तशीच राहते. सुईचं तसं नाही. डिस्कोग्राफीचं उदाहरण घ्या. दुखणारी चकती ओळखायला तिच्यात रंगद्रव्य टोचायची ही तपासणी, म्हणजे उपचारसुद्धा नव्हे. २००९ मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा अभ्यास आला. टोचलेल्या लोकांच्या ३५ टक्के चकत्यांत झीज वाढली, न टोचलेल्या जुळणाऱ्या लोकांत १४ टक्के. चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. ती भरून येईल या भरवशावर तिला भोक पाडणं धोक्याचंच आहे. मणक्याभोवती स्टिरॉइड टोचण्याबद्दल एफडीएनं २०१४ मध्ये दुर्मीळ पण गंभीर मज्जासंस्थेच्या इजेचा इशारा दिला होता.

म्हणून जो उपचार चकतीला भोक पाडतो त्यानं शॅमपेक्षा सरस असल्याचं आधी दाखवावं, ही अट मला कठोर वाटत नाही. स्टेम सेलवाले आज तिथेच अडलेत. ४०४ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य निकष गाठला गेला नाही, एफडीएनं पाठदुखीसाठी असं एकही उत्पादन मंजूर केलेलं नाही, आणि तरीही ते खुशाल टोचलं जातंय.

वेदनाचिकित्सक:
स्टेम सेल संशोधनाबाहेर टोचू नये, यावर माझा वाद नाही. डिस्कोग्राफी मी जवळपास बंद केली आहे, कारण तुम्ही सांगितलेला अभ्यास. फक्त काळी चकती आहे, मोडिक बदल नाहीत, ब्लॉकनं फॅसेटचा पुरावा मिळत नाही, अशा रुग्णाला मी आजही सुई नाकारतो. तो दुसरीकडे जाऊन करून घेतो हे माहीत असूनही.

पण माझ्यासमोर बसलेल्या माणसापुढे ‘सुई की काहीच नको’ असा पर्याय नसतो. त्याचा व्यायाम प्रामाणिकपणे करून झालेला असतो. पुढची पायरी स्क्रू घालून मणके जोडण्याची, किंवा अफूवर्गीय गोळ्यांची. नॉर्वेतल्या २००३ च्या लहानशा चाचणीत, ६४ रुग्ण होते, मणके जोडलेले आणि भीती घालवून व्यायाम केलेले वर्षानं सारखेच होते. मोठ्या शस्त्रक्रियेचा पुरावाही एवढाच आहे, आणि तिथून परत फिरता येत नाही. मोडिक बदल असलेल्या, चाळिशीतल्या, कामावर जाऊ न शकणाऱ्या माणसाला एक नस तापवून बघू असं मी म्हणतो, तेव्हा मी त्याला त्या दोन वाटांपासून थोपवत असतो.

वाटसरू:
मग त्याला ते २० आणि १५ गुण सांगता का?

वेदनाचिकित्सक:
आकड्यांत नाही सांगत. ‘काहींना चांगला आराम पडतो, काहींना नाही’ एवढं सांगतो. टेबलावर झोपायच्या आधीच मनात शंका पेरली तर आराम कमी होतो, हेही संशोधनातूनच कळलेलं आहे. अपेक्षेनं येणारा आराम रुग्णाच्या पदरातून मी का काढून घेऊ?

वाटसरू:
कारण ती कंबर त्याची आहे. हाडात सुई घालायला तो संमती देतोय, आणि त्या संमतीला लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही त्याच्या भल्यासाठी म्हणून मागे ठेवताय. हे मला अजिबात मान्य नाही.

निशिगंधा:
मला कुणीच असं काही सांगितलं नव्हतं. आता वाचल्यावर विचार केला, आणि सांगितलं असतं तरी मी प्रक्रिया केलीच असती, कारण त्या वेळी थोडा आरामही मला हवा होता. पण दुसऱ्यांदा करताना मी नक्की थांबून विचारलं असतं की आधी सईताई म्हणतात तसं काही करून पाहता येईल का. पहिल्या आरएफनंतर कंबर हलकी झाली होती ते महिने मी नुसते आनंदात घालवले. त्या काळात ताकद वाढवायची असते हे कुणी बोललं नाही.

सई_फिजिओ:
हेच मला सगळ्या वेदनाचिकित्सकांना विचारायचं आहे. प्रक्रियेच्या दिवशीच पुढच्या व्यायामाची तारीख का देत नाही? फॅसेटची जी नस तुम्ही जाळता तीच मल्टिफिडस या कण्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूलाही जाते. तो आधीच अशक्त झालेला असतो. दुखणं कमी असतानाचे ते महिने फुकट गेले तर वर्षानं माणूस पुन्हा तुमच्याच दारात येणार.

वेदनाचिकित्सक:
माझ्याकडे तारीख देतात, पण किती रुग्ण खरोखर जातात याचा पाठपुरावा आम्ही ठेवत नाही. तो ठेवायला हवा, मान्य. मल्टिफिडसचा मुद्दाही खरा आहे. वारंवार आरएफ करताना मी तो रुग्णाला सांगतो.

२० आणि १५ गुणांबद्दल मात्र मी अजून वाटसरूंच्या बाजूला आलेलो नाही. कुणी विचारलं तर लपवणार नाही. स्वतःहून सांगायचं का, आणि सांगायचं तर कुठल्या शब्दांत, यावर आमच्याकडच्या दोन सहकाऱ्यांचंही माझ्याशी पटत नाही. त्यांना हा धागा वाचायला देतो आहे.